कालकथित उकंडाजी

ढाणकी, ५ नोव्हेंबर २००६

दीपमाला,

आपल्या घरचं पत्र जय भीमनं सुरू होतं. हे होणार नाही. का, ते पुढे वाच.

काल सकाळी उमरखेडचा देवीलाल बाबांच्या मयतीला आला. देवीलाल म्हणजे बसस्टँडमागे संगमरवराच्या पाट्या कोरतो तो. हातात हार, मागे बायको, तिनं फाटकातच डोळ्याला पदर लावलेला. आणि बाबा ओट्यावर, आरसा खिडकीला टेकवून दाढी करत बसलेले. एका गालाला साबण.

"कवा गेले भाऊ? मले कोनी सांगतलंबी नाही," देवीलाल माझ्याकडे बघत म्हणाला. ओट्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"कोन गेलं बे, देवीलाल?" बाबांनी विचारलं.

त्याच्या हातातला हार खाली पडला. "तुमी," तो म्हणाला.

"मी? मी तं इथंच हाव. गेली असन तं बस गेली असन."

देवीलालची बायको रडता रडता हसायला लागली. आई हसली. शेजारची माणसं कुंपणावरून हसली. मी हसले नाही, कारण मी विचारून बसले होते की तुला हे सांगितलं कोणी. तो म्हणाला, तुमच्या विक्कीनं पाटी करायला टाकली ना. अर्धी कोरून झाली.

आपला हा आतेभाऊ तसा प्रामाणिक आहे. कन्याशाळेत तुझ्या सिंगापूरच्या शाळेतर्फे वाचनालयाची खोली बांधली जाते आहे, तो तिचा ठेकेदार आहे, एवढं मला ठाऊक होतं. चार माणसांत मी अभिमानानं सांगतही होते. पाटीवरचा मजकूर मला ठाऊक नव्हता. 'कालकथित उकंडाजी पाईकराव यांच्या स्मरणार्थ, कन्या दीपमाला व तिचे सिंगापूर येथील विद्यार्थी.' विक्कीला धरलं तर म्हणतो, "दीदीनं स्वर्गीय लिहून पाठवलतं. म्या म्हनलं आपल्यात स्वर्गीय लिहत नाही, मंग म्या कालकथित केलं." बघ, तुझ्या मजकुरातल्या स्वर्गावर त्यानं आक्षेप घेतला, मरणावर घेतला नाही. "मामा तं जित्ते हायेत हे तुले दिसत नाही का?" म्हटलं, तर म्हणाला, "दीदी मास्तरीन हाये. म्हनलं तिकडच्या कागदात तसंच लागत असन."

त्याच्याच सायबर कॅफेत बसून मी तुझी ती चित्रफीत बघितली, जी तू तिकडच्या पोरांना दाखवतेस. पहिलं चित्र कापसाच्या बोंडाचं. दुसरं भेगा पडलेल्या जमिनीचं, जी ढाणकीची नाही. तिसरं बाबांचं, एस.टी.च्या निरोप समारंभातलं, खाकी सदरा कापून फक्त चेहरा ठेवलेला. आणि खाली इंग्रजीत तुझं वाक्य: त्या सकाळी माझ्या वडिलांनी बैलांना पाणी पाजलं, मोठ्या बैलाच्या कपाळावरून हात फिरवला, आणि ते शेतात गेले ते परत आले नाहीत.

बैल? बाबांनी आयुष्यात दोरी ओढली ती एस.टी.च्या घंटीची. शेत आपल्या सात पिढ्यांत कोणाचं होतं, ते एकदा सांग.

ते वाक्य कोणाचं आहे हे मला माहीत आहे. कर्जापायी जीव दिलेल्या तांड्यावरच्या रामधनचं. त्याच्या मरणानंतर त्याची बायको जमनी आपल्या ओट्यावर बसून ते बोलली होती, आणि तू तिच्या हातात पाण्याचा पेला दिला होतास. तू तिचं दुःख उचललंस, धुतलंस, आपल्या बापाच्या अंगावर चढवलंस.

उत्तर दे. लगेच दे.

सत्यशीला उकंडाजी पाईकराव
(कन्या, हयात वडिलांची)


ढाणकी, १९ नोव्हेंबर २००६

दीपमाला,

फोनवर तू रडलीस. मी फोन ठेवला, कारण रडणाऱ्या माणसाशी मला भांडता येत नाही आणि भांडायचं तर होतं. म्हणून कागद घेतला.

तुझं म्हणणं मी नीट लिहून काढते, म्हणजे मी ऐकलं नाही असं तुला म्हणता येणार नाही. त्या शहरात प्रत्येकाला आपापली ओळख आहे, असं तू म्हणालीस. चिनी बाईला तिचं नववर्ष, नूरहायाती मॅडमना त्यांची ईद, सेल्वम सरांना त्यांचं पोंगल. शाळेत वर्षातून एक दिवस प्रत्येक शिक्षकानं वर्गासमोर उभं राहून आपण कुठून आलो ते सांगायचं असतं. तू यवतमाळ म्हणालीस. पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, म्हणजे जिथे कापूसवाले शेतकरी जीव देतात तेच ना? तिनं ते पेपरात वाचलं होतं. सगळा वर्ग तुझ्याकडे बघू लागला. पहिल्यांदाच सगळा वर्ग तुझ्याकडे बघत होता. आणि तू हो म्हणालीस. मग तिनं विचारलं, तुमच्या ओळखीचं कोणी? आणि तू म्हणालीस, माझे वडील.

एकदा बोलले ताई, मग थांबवता आलं नाही. हे तुझे शब्द.

तुला थांबवता आलं नाही कारण थांबायचं नव्हतं. मी तुझ्यापेक्षा जास्त व्यासपीठं बघितली आहेत. समोरची माणसं श्वास रोखून ऐकायला लागली की बोलणाऱ्याच्या अंगात काय चढतं ते मला सांगू नकोस. पण ते चढलं की माणसानं गिळायचं असतं, बाप काढून द्यायचा नसतो.

आणि जगाचा राग येतो तो वेगळाच. या जिल्ह्यात शाळा आहेत, एस.टी. आहे, पैनगंगा आहे, पन्नास वर्षांपूर्वी एका दिवसात माणसं झालेले आम्ही आहोत. पण चार वर्षं झाली, ज्याच्या त्याच्या तोंडी यवतमाळ म्हटलं की मयत. दिल्लीहून येतात, मुंबईहून येतात, गाडीतून उतरतात आणि विचारतात, इथे विधवा कुठे मिळतील? जसं काही आठवडी बाजारात विचारावं. त्यांचा निषेध करत मी तालुकाभर बोलत फिरले. आणि माझ्याच घरातून एक उठली आणि तिनं दुकान मांडलं.

पण तू फोनच्या शेवटी जे बोललीस, ते खरं. तिथल्या मराठी लोकांच्या गणपतीच्या कार्यक्रमात एका बाईनं तुला विचारलं, पाईकराव म्हणजे नेमके कोण? तू म्हणालीस, शेतकरी. ती बाई म्हणाली, अच्छा, आणि तुझ्या ताटात मोदक वाढला.

दीपमाला, आता मला सगळं समजलं. वर्गात बाप मारला तो नंतर. आधी तू त्याला त्या मोदकासाठी शेतकरी केलंस. मेलेला बाप सांगायला तुला लाज वाटली नाही. जय भीम म्हणणारा बाप सांगायला वाटली. गेल्या महिन्यात दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून मी बाबांना नागपूरला घेऊन गेले होते. तेवढ्या गर्दीत एका जागी उभे राहून ते मला म्हणाले, "इथं माह्या मायनं मले खांद्यावर घेतलतं. बारा वर्साचा घोडा मी, तरीबी घेतलतं, दिसावं म्हून." तो माणूस तू सांगू शकली नाहीस?

आणि आता तुझी विनंती. डिसेंबरात तुझी पोरं आणि शिक्षक उद्घाटनाला येणार. तेवढे दोन दिवस बाबांना बोरी अरबला आत्याकडे पाठवून द्यायचं. आईनं साधं लुगडं नेसायचं, बांगड्या काढायच्या, फार बोलायचं नाही. नाहीतर तुझी नोकरी जाईल.

मी आईला हे सांगणार नाही. तू सांग.

सत्यशीला


ढाणकी, १० डिसेंबर २००६

दीपमाला,

तू आईला सांगितलं नाहीस. बाबांना सांगितलंस. मी कॉलेजात शिकवायला गेलेली असताना, दुपारी, शेजारच्या फोनवर. तू हुशार आहेस हे मी नेहमीच म्हणत आले.

संध्याकाळी घरी आले तर बाबा पिशवी भरत होते. टॉवेल, दाढीचं सामान, बिड्या.

"कुठं निघालात?"

"बोरीले. पोट्टी तिकडं एकली हाये. तिची नवकरी जाऊन राह्यली. मी दोन दिस मेलो तं माह्यं काय जाते? पेन्शन तं चालू राहीन ना?"

"बाबा, तुम्हाला राग नाही येत?"

"राग कायले? तीस साल लोकायनं मले कंडक्टर म्हनून हाकारलं, नाव कोनाले ठावूक होतं? आता तं दगडावर येऊन राह्यलं."

आई चुलीपाशी होती. तिला वाटलं होतं आत्याची तब्येत बिघडली. ते ऐकून ती उठली, हातातलं उलथनं तसंच, आणि म्हणाली, "काय म्हनून राह्यले तुमी? दगडावर काय आलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. देवीलालची गोष्ट ती इतके दिवस वेडेपणा समजून हसत होती. दगड कोरून तयार आहे हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. बांगड्यांचं ऐकल्यावर तो चढला. "जित्या नवऱ्याची मले रांडकी करते थे? माह्या पोटची? म्या तिले दूध पाजलं का बिबा?" असं बरंच. बाबांची पिशवी तिनं अंगणात फेकली. बिड्या कोंबड्यांच्यात पडल्या.

तेव्हापासून ती एकच धरून बसली आहे. तुला आजीनं ही गोष्ट सांगितली होती, पण तू शहरात विसरली असशील म्हणून लिहिते. बाबांच्या आधीची आजीची चार लेकरं गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं ते नाळ पडल्यावर उकिरड्यावर नेऊन टाकलं. शेजारणीनं उचललं, म्हणाली, मले हे सापडलं. आजीनं तिला ओंजळभर ज्वारी देऊन ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. उकिरड्यावरचा. टाकून दिलेलं लेकरू मरणाला नको असतं, म्हणून. दीक्षेनंतर सगळ्यांनी नावं बदलली, बाबांनी नाही बदललं. म्हणायचे, "धम्म घेतला, पन नाव राहू द्या. मरनानं वळखलं तं?"

मी या असल्या रिवाजांविरुद्ध किती भाषणं केली आहेत ते तुला माहीत आहे. आईला मी दोन तास समजावलं. ती म्हणाली, "तुह्यं भाषन झालं? आता आईक. नाव दगडावर गेलं म्हंजे मरनाले पत्ता भेटला. उद्घाटनाच्या दिशी उकिरड्यावर बसवतो त्यायले, आन पुन्यांदा घेतो." बाबा बासष्ट वर्षांचे आहेत म्हटलं तर म्हणाली, "मंग ज्वारी जास्त लागन."

यात एक मार्ग निघेल असं मला वाटलं होतं. पाटीवर रामधनचं नाव घालू. ज्याचं मरण आहे त्याचं नाव. मी तांड्यावर गेले. जमनीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, माह्यी पोरगी त्याच शाळेत जाते. रोज सकाळी तिनं बापाचं मरन वाचून आत जावं का? नोको. लय लोकायनं आमचा फोटो काढला. आता बस."

मी उठून आले.

आणि आज तुझा निरोप, की परीक्षेच्या कामामुळे तुला येता येत नाही. नूरहायाती मॅडम मुलांना घेऊन येतील. स्वागताचं भाषण ताईनं करावं, ती उत्तम बोलते.

तू येत नाहीस. बाप मारायला धीर होता, तेराव्याला नाही. आपल्यात तेरावा नसतो, पण तू तर आता शेतकरी आहेस.

मी भाषण करीन. पण मी व्यासपीठावर आजवर खोटं बोललेली नाही, हे ध्यानात ठेव आणि झोप येते का बघ.

सत्यशीला


ढाणकी, २४ डिसेंबर २००६

दीपा,

तुला आतापर्यंत तिकडून कळलं असेल. इकडून ऐक.

आपल्या गावात कार्यक्रम दहाचा म्हणजे साडेबाराचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुख्याध्यापिका अकराला निघणार होत्या, मांडववाला त्यानंतर. आईनं हिशेब केला की दहाला उकिरडा उरकून, बाबांना न्हाऊ घालून, बोरीच्या गाडीत बसवता येईल. हो, बाबा जाणारच होते. तुझ्यासाठी. आईनंही शेवटी तेवढं कबूल केलं होतं, पण उकिरडा झाल्यावरच.

दहा म्हणजे दहा, असं मानणारी माणसं जगात असतात याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता.

पाहुण्यांची बस उमरखेडहून दहाला पाच कमी असताना आली. शाळेत कुत्रं नव्हतं. शिपाई म्हणाला, सत्यशीलाबाईंच्या घरी बसा, आणि आपलं घर दाखवलं. ती वीसेक पोरं, चिनी, मलय, तमिळ, एक सरदारजीचा मुलगा, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पांढऱ्या टोप्या, आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावरून वळली. आणि समोर उकिरड्यावर पालथ्या टोपल्यावर बाबा बसलेले. अंगात बंडी, कपाळाला आईनं लावलेली राख. जमनी त्यांचा हात धरून उभी. तिला आईनं मुद्दाम बोलावलं होतं: जिच्या घरी मरण येऊन गेलं, तिच्या हातून ते घाबरतं. आणि आई पदरात ज्वारी घेऊन भाव करत होती.

"घ्या, हे म्हतारं मले सापडलं," जमनी म्हणत होती.

"केवढ्याले देतं?"

"दोन ओंजळी."

"याच्याच्यानं काम तं होत नाही. दीड घे."

"ओ, माह्यी किंमत माह्यासमोर काहून करता?" बाबा म्हणाले, आणि तेव्हाच त्यांना टोप्या दिसल्या.

दीपा, मला तेव्हा काय करता आलं असतं? हा दुसराच कोणी, असं म्हणता आलं असतं. नूरहायाती मॅडम माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? बाबांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, सांग काका म्हणून. तीस वर्षं त्या डोळ्यांनी मला एकदाही खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. तुझ्यासाठी सांगितलं.

तुझी चित्रफीत बघितल्यापासून एक भाषण मी मनात बांधत होते. जग कसं मेलेल्यांवर जगतं ते. इंग्रजीत, टाळ्या पडतील असं. त्यातलं काही आलं नाही. मी एवढंच म्हणाले, हे दीपमालाचे वडील. हे जिवंत आहेत. हे शेतकरी नाहीत, एस.टी.चे कंडक्टर होते. आम्ही बौद्ध आहोत. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते दुसऱ्या कोणाचं दुःख होतं, आणि ज्यांचं होतं त्यांना ते दाखवायचं नाही.

मॅडमचा चेहरा कठोर झाला. आणि मग, त्या पुढच्या बाकावरच्या पोरीबद्दल तू सांगितलं होतंस ना, तीच असावी, चष्मेवाली, तिनं तोंडावर हात धरला आणि ओरडली. मला वाटलं फसवलं म्हणून रडते आहे. ती धावत उकिरड्यावर चढली. पांढऱ्या बुटांनी. बाबांचे दोन्ही हात धरून तिनं गदागदा हलवले आणि म्हणत राहिली, तुम्ही जिवंत आहात, तुम्ही जिवंत आहात. मग सगळीच चढली. सरदारजीच्या पोरानं तर शेणात पाय घातला. दोन वर्षं ती तुझ्या बापासाठी दरवर्षी मेणबत्त्या लावत होती म्हणे. त्यांना मेलेला माणूस नको होता, दीपा. नकोच होता कधी. त्यांच्या इतका आनंद मी आमच्या सभांत कोणाच्या तोंडावर बघितलेला नाही, आणि तू दोन वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून हे एकदाही ओळखलं नाहीस. मला त्याचा राग सगळ्यात जास्त आहे.

बाबांनी त्यांना सगळ्यांना शिस्तीत ओळीनं उभं केलं. "पुढं सरका, पुढं सरका." सवय.

मॅडम जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मला हे शाळेला सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगा. त्या म्हणाल्या, ती चांगलं शिकवते. मी म्हटलं, हे पण सांगा. वाचनालय उघडलं. पाटी नाही. भिंतीत चौकोन मोकळा आहे.

बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. "पोट्टीची भाकर तोडली तुनं," एवढं एकदा म्हणाले. ते बरोबर असतील. मी तरीही तेच बोलले असते.

पाटी देवीलालनं घरी आणून टाकली. आईला ती घरात नको, फोडायलाही नको, म्हणे फोडली तर अपशकुन. मग बाबांनीच ती ओट्यावर पालथी घातली. रोज सकाळी तिच्यावर बसून दाढी करतात.

मला एवढंच सांगायचं आहे. ही पत्रं मी तुला चिडून लिहिली, आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. मी तुला उकिरड्यावर टाकलं आहे, असं समज. पण आपल्या घरी उकिरड्यावर कोणाला टाकतात ते तुला ठाऊक आहे.

नोकरी राहिली तर तिथे खरं नाव सांगून शिकव. नाही राहिली तर ये. जमनीला आईनं शेवटी पावणेदोन ओंजळीच दिल्या. उरलेली ज्वारी तिनं बांधून वर ठेवली आहे, आणि कशासाठी म्हणून विचारलं तर सांगत नाही.

जय भीम.

ताई